पायाखालच्या चाळीस किलोमीटरचा प्रश्न

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातील मुलुगु जिल्ह्यात ५.३ क्षमतेचा भूकंप झाला. त्याचे धक्के सिरोंचा, अहेरी, गडचिरोली, चंद्रपूर आणि थेट नागपूरपर्यंत जाणवले. भांडी खडखडली, पंखे हलले, लोक अंगणात धावले. सुदैवाने मोठी हानी झाली नाही आणि म्हणूनच दोन दिवसांत ही बातमी मागे पडली. परंतु त्या बातमीतील एका आकड्याकडे लक्ष जायला हवे होते. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या भूकंपाची खोली ४० किलोमीटर असल्याचे जाहीर केले होते. दख्खनच्या पठारावर आणि त्याच्या आसपास पृथ्वीच्या कवचाची जाडी साधारण ३५ ते ४० किलोमीटर भरते. म्हणजे हा आकडा बरोबर असेल तर खडक तुटला तो कवचाच्या जवळजवळ तळाशी. तो चुकीचा असेल आणि भंग प्रत्यक्षात दहा-बारा किलोमीटरवरच झाला असेल, तर त्याच पट्ट्यातील पुढच्या, याहून मोठ्या भूकंपाचा जमिनीवरील परिणाम अगदी वेगळा असेल. कारण उथळ भूकंप थोड्या क्षेत्रात फार नासधूस करतो, तर खोल भूकंप दूरवर जाणवतो पण केंद्रापाशी तुलनेने सौम्य असतो.

मग या दोहोंपैकी खरे काय, हे ठरवायचे कसे? भूकंपाची खोली कोणी टेप लावून मोजत नाही. निरनिराळ्या भूकंपमापक केंद्रांवर लाटा किती वाजता पोहोचल्या, त्या वेळांवरून उलटे गणित मांडून ती काढली जाते. या गणितात एक गोष्ट गृहीत धरावीच लागते, ती म्हणजे लाटांचा खडकातील वेग. वेग चुकला की अंतर चुकते. केंद्रे दूर असली तर भूकंपाचे ठिकाण एक वेळ बऱ्यापैकी सापडते. पण खोलीचा आकडा मात्र डळमळीतच राहतो. स्थानिक भूकवचाची रचना ठाऊक नसेल तर सरासरी वेगाचे कोष्टक वापरण्यावाचून गत्यंतर नसते. ही रचना समजून घेण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे भूकंपीय सर्वेक्षण, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाबतीत घोडे नेमके तिथेच अडले आहे.

ही पद्धत मुळात साधी आहे. १९०९ साली क्रोएशियात झालेल्या एका भूकंपाच्या नोंदी तपासताना आंद्रिया मोहोरोविचिच या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले, की काही लाटा अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचल्या आहेत. त्या कुठेतरी खोलवर अधिक वेगवान खडकातून वाट काढून आल्या असल्या पाहिजेत, असे अनुमान त्याने काढले. कवच आणि त्याखालील प्रावरण यांमधील ही सीमा आज त्याच्याच नावाने, ‘मोहो’ या संक्षेपाने ओळखली जाते. कवचाच्या वरच्या ग्रॅनाइटी भागात लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर जाते, तळाशी साडेसहा-सातच्या घरात आणि मोहो ओलांडताच सुमारे ८ किलोमीटर. वालुकाश्मासारख्या गाळाच्या खडकात हाच वेग तीन-चार किलोमीटरवर येतो. नदीकाठच्या मोकळ्या वाळूत तर काही शे मीटर. भूकंपाची वाट न पाहता जमिनीत बोअर घेऊन त्यात स्फोट करायचा किंवा जड वाहनावरील कंपकाने जमीन थरथरवायची आणि रेषेत मांडलेल्या जिओफोनवर परतणाऱ्या लाटांची नोंद घ्यायची. थरांच्या सीमेवरून परावर्तित होऊन आलेल्या लाटा थरांचा आकार दाखवतात. सीमेलगत धावून दूरवर वर आलेल्या लाटा वेग सांगतात. दोन्ही जुळवले की जमिनीचा उभा छेद कागदावर उतरतो.

या जिल्ह्यांच्या खाली काय आहे, हे भूशास्त्राच्या पुस्तकात ढोबळमानाने लिहिलेलेच आहे. नैऋत्येकडे धारवाडचा प्राचीन खंड, ईशान्येला बस्तरचा तितकाच जुना खंड आणि दोहोंमध्ये वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली प्राणहिता-गोदावरीची खचदरी. दोन्ही बाजूंच्या भ्रंशांवर मधला पट्टा खाली सरकत गेला आणि त्यात गोंडवन काळातील गाळ साचत राहिला. वर्धा खोऱ्यातील कोळसा हे त्याच खचण्याचे फळ आहे. बल्लारपूर, दुर्गापूर, माजरी, घुग्घुसच्या खाणी आणि चंद्रपूरचे वीज केंद्र यांचा पाया तिथे आहे. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन झालेली प्राणहिता आणि पुढे तिला मिळणारी गोदावरी या नद्याही बऱ्याच अंशी या खचदरीचीच वाट धरून वाहतात. सिरोंचा तालुक्यातील कोटा गावाचे नाव भूशास्त्रात ‘कोटा प्रस्तरसमूह’ म्हणून जगभर पोहोचले आहे, कारण तिथल्या थरांत माशांचे आणि डायनासोरचे जीवाश्म सापडले. वडधमचे अश्मीभूत वृक्षही याच पट्ट्यातले. थोडक्यात, पृष्ठभाग आणि त्याखालचे काही शे मीटर यांच्याविषयी माहिती भरपूर आहे. खाली मात्र प्रश्न सुरू होतात. सीमेवरचे भ्रंश किती खोल जातात? ते कवचाच्या तळाला भिडतात, की मध्येच आडवे होऊन विरतात? खचदरीखालचे कवच ताणले जाऊन पातळ झाले आहे काय?

हे प्रश्न केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचे नाहीत. याच खचदरीत, आग्नेयेला, १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलम येथे ५.७ क्षमतेचा भूकंप झाला होता. म्हणजे मुलुगुची घटना एकाकी नाही.

भारतात खोल भूकंपीय छेद घेण्याचे काम १९७२ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने सोव्हिएत सहकार्याने सुरू केले. पहिली रेषा आंध्रातील कावलीपासून कर्नाटकातील उडुपीपर्यंत, म्हणजे द्वीपकल्प आडवे कापत गेली. त्यानंतर कोयना परिसरात गुहागर-चोरोची आणि केळशी-लोणी या दोन रेषा झाल्या. नर्मदेच्या पट्ट्यात अनेक छेद घेतले गेले. त्यांपैकी एक खजुरियाकलांहून निघून वर्धा जिल्ह्यातील पुलगावपाशी थांबतो. मध्य भारतातील आणखी एक, मुंगवानी ते राजनांदगाव, गडचिरोलीच्या उत्तरेकडून निघून जातो. गोदावरी खचदरीत कल्लूर-पोलावरम आणि पालोंचा-नरसापूर या रेषा आहेत. पण त्या पार खाली, आंध्र-तेलंगणाच्या टोकाला. नकाशा समोर ठेवून या सर्व रेषा आखल्या तर एक विचित्र चित्र दिसते. वायव्येला, उत्तरेला आणि आग्नेयेला छेद आहेत आणि मधोमध चंद्रपूर-गडचिरोली कोरे राहिले आहेत. घनदाट अरण्य, रस्त्यांचा अभाव, नद्यांवर पुलांची वानवा आणि १९८० नंतरचा नक्षलवाद अशी यामागची कारणे सहज सांगता येतील. ज्या भागात पोलिसांच्या वाहनाखाली सुरुंग फुटत होते, तिथे शास्त्रज्ञांनी शेकडो किलो स्फोटके घेऊन फिरावे, अशी अपेक्षा करणेही गैर होते.

छेद असला तर काय फरक पडतो, याचे उत्तर जबलपूरने दिले आहे. २२ मे १९९७ रोजी तिथे ५.८ क्षमतेचा भूकंप झाला. त्याची खोली सुमारे ३५ किलोमीटर निघाली. द्वीपकल्पात इतक्या खाली खडक कसा तुटतो, हे कोडे होते. परंतु जबलपूरजवळून जाणारा हिरापूर-मंडला छेद त्याआधीच घेतलेला होता. त्यामुळे भूकंपाचे ठिकाण, नर्मदेच्या दक्षिणेकडचा भ्रंश आणि कवचाची तेथील रचना एकमेकांशी ताडून पाहता आली. चर्चा अंदाजांवर न होता मोजमापांवर झाली.

आपल्या राज्याचा अनुभव उलटा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने पावणेदोनशेहून अधिक बळी घेतले. कोयनेचे छेद त्यानंतर आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या वेळी अंमलात असलेल्या नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेऊन ३३८ मीटर जाडीच्या बेसाल्टखाली काय आहे हे पाहिले गेले, पण तेही नंतरच. कोयनेत तीन किलोमीटर खोल पथदर्शी बोअर २०१७ मध्ये पूर्ण झाली आणि कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली, ही निश्चितच अभिमानाची बाब. तथापि, महाराष्ट्रात जमिनीखालचे छायाचित्र नेहमी प्रेते मोजून झाल्यावरच का काढले जाते, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता मुलुगुने आणली आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. सर्वेक्षणे होतच आहेत की! ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रम’ सुरू केला. देशातील ज्या गाळखोऱ्यांचा तेल-वायूसाठी पुरेसा तपास झालेला नाही, तिथे ४८,२४३ किलोमीटर लांबीच्या रेषा घेण्याचे काम ओएनजीसी आणि ऑइल इंडियाकडे सोपवले गेले. देशातील २६ गाळखोऱ्यांच्या यादीत प्राणहिता-गोदावरी खोरे आहेच. कोळशाच्या शोधासाठीही केवळ बोअरवर विसंबून न राहता सीएमपीडीआय ही संस्था अलीकडे भूकंपीय पद्धती वापरू लागली आहे. २०२१ मध्ये तिने या नोंदींतून कोळशाचे पातळ थर ओळखणारी संगणकप्रणालीही आणली. हे सगळे खरे आहे आणि स्वागतार्हही आहे. परंतु ज्या हेतूने जमीन तपासावी, तितकेच खोल दिसते. कोळसा शोधणाऱ्याला काही शे मीटर पुरेसे असतात. तेल शोधणाऱ्याला पाच-सात किलोमीटर. त्यामुळे लाटांची नोंद ते मोजकेच सेकंद घेतात आणि यंत्र बंद करतात.

हे सेकंदांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. चाळीस किलोमीटरवरील मोहोपर्यंत जाऊन परतायचे म्हणजे ऐंशी किलोमीटरचा प्रवास. सरासरी वेग सेकंदाला सव्वासहा किलोमीटर धरला तर लाट परतायला सुमारे तेरा सेकंद लागतात. तेलशोधकाने सातव्या सेकंदाला नोंद थांबवली, तर कवचाच्या खालच्या निम्म्या भागाचा निरोप वाटेत असतानाच दार बंद होते! नोंद वीस सेकंद चालू ठेवली आणि रेषेवर ठरावीक अंतराने थोडे मोठे स्फोट घेतले, तर रस्ता, मजूर, जिओफोन, परवानग्या हा मोठा खर्च आधीच झालेला असल्यामुळे किरकोळ वाढीव खर्चात संपूर्ण कवचाचे चित्र मिळू शकते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या पुढाकाराने १९७५ पासून ‘कोकॉर्प’ प्रकल्पाने तेल उद्योगाचीच यंत्रसामग्री वापरून हेच केले. त्यात अलौकिक असे काही नाही. फक्त कोणीतरी तशी अट घालायला हवी.

ही अट घालण्याची जागाही कायद्यात उपलब्ध झाली आहे. २०२३ साली संसदेने वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि १ डिसेंबर २०२३ पासून ती लागू झाली. वनजमिनीच्या व्याख्येवरून या दुरुस्तीवर मोठा वाद झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या गदारोळात एक उपकलम फारसे चर्चेत आले नाही. टेहळणी, पूर्वेक्षण, अन्वेषण आणि ‘भूकंपीय सर्वेक्षण’ यांसारखी कामे कोणत्या अटींवर ‘वनेतर वापर’ मानली जाणार नाहीत, हे केंद्र सरकार आदेशाने ठरवू शकेल, असे ते सांगते. भूकंपीय सर्वेक्षणाचा उल्लेख थेट कायद्याच्या मजकुरात आहे. ज्या जिल्ह्याचा सुमारे ७० टक्के भूभाग जंगलाखाली आहे, त्या गडचिरोलीसाठी याचा अर्थ फार मोठा आहे. सर्वेक्षणाची वाट सुकर झाली. पण ‘अटी’ काय असतील, यावर ती कोणाच्या सोयीची, हे ठरेल.

गडचिरोलीतील माणसाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा संशय निराधार म्हणता येणार नाही. जंगलात रेषा मारली जाते, बोअर घेतल्या जातात, अनोळखी गाड्या येतात. काही वर्षांनी तिथे खाण येते. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजाचा इतिहास ताजा आहे. लोहखनिजाचा शोध भूकंपीय पद्धतीने घेतला जात नाही, हा तांत्रिक खुलासा ग्रामसभेत कोणाचे समाधान करील असे वाटत नाही. शिवाय कायदा इथे विचित्र रीतीने तोकडा पडतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात पूर्वेक्षणाचा परवाना देण्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते. पण ती गौण खनिजांपुरती. कोळसा आणि तेल-वायू गौण खनिजांत मोडत नाहीत. म्हणजे मुरूम शोधायचा तर ग्रामसभेला विचारा आणि कोळसा शोधायचा तर विचारण्याची सक्ती नाही. दुसरीकडे, २००९ मध्ये देशात प्रथम सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) होते. आपल्या जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ज्यांना कायद्यानेच दिला, त्यांच्या जंगलात होणाऱ्या स्फोटांची माहिती त्यांना वनरक्षकाकडून कळावी, हे शोभणारे नाही.

या पार्श्वभूमीवर केंद्राच्या आदेशात तीन गोष्टी असायला हव्यात. या खचदरीत व्यापारी हेतूने होणाऱ्या प्रत्येक रेषेवर खोल नोंद बंधनकारक करणे, ही पहिली. ती खोल नोंद संशोधनासाठी विनाविलंब खुली करणे, ही दुसरी. तेल-वायूची राष्ट्रीय विदा-संचयिका २०१७ पासून आणि भूवैज्ञानिक माहितीची २०२३ पासून अस्तित्वात आहे. म्हणजे कपाट तयार आहे, त्यात वस्तू ठेवायची आहे. आणि तिसरी, रेषा कुठून जाणार, कशासाठी आणि शेवटी काय सापडले, हे ग्रामसभेला मराठीत, गोंडी-माडियात, तेलुगूत आधी आणि नंतर सांगणे. यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत आधी गाळली जाईल ती हीच.

स्फोटांवाचूनही बरेच काही करता येते, हेही लक्षात घ्यायला हवे. छोटी भूकंपमापक यंत्रे वर्ष-दोन वर्षे जागोजागी ठेवली तर दूरदेशीच्या भूकंपांच्या लाटांतून आणि जमिनीच्या सततच्या सूक्ष्म थरथरीतूनही कवचाची जाडी आणि वेग काढता येतात. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. आश्रमशाळेच्या आवारात, तहसील कार्यालयाच्या मागे अशी यंत्रे राहू शकतात. ताडोबासारख्या व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात तर हाच मार्ग योग्य. त्यातून मिळणारे चित्र स्फोटांच्या रेषेइतके रेखीव नसते. पण भूकंपाची खोली ठरवताना सरासरी कोष्टकापेक्षा ते खचित बरे. आणि मुलुगुसारखा पुढचा धक्का आला, की हीच यंत्रे जवळची केंद्रे म्हणून कामी येतील.

उथळ सर्वेक्षणांची निकडही कमी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जुन्या भूमिगत खाणीवरील एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने वाचली. आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. अशा पोकळ्या जमिनीवरून शोधण्यासाठी हातोड्याच्या ठोक्यावर चालणारे भूकंपीय सर्वेक्षण पुरते. कोळसा काढून झालेल्या वस्त्यांखालून ते आजवर नियमाने व्हायला हवे होते. सिरोंच्यापाशी गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्याची कथाही अशीच. जून २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या या बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले आणि पायाखालची वाळू सरकल्याचा मुद्दा राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या तपासणीत पुढे आला. बंधाऱ्याच्या फुगवट्याने ज्यांची शेते बुडाली, त्या सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांना आपल्या पायाखाली काय आहे हे विचारण्याचा अधिकार इतरांपेक्षा अधिकच आहे.

सुरक्षेची सबब आता पूर्वीइतकी वजनदार राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने अनेक सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. पूल झाले, रस्ते झाले. मनुष्यबळाचीही वानवा नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय, भारतीय खाण ब्यूरो, वेस्टर्न कोलफील्ड्स आणि खनिज समन्वेषण निगम यांची मुख्यालये, शिवाय सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्था, हे सारे नागपुरात आहे. भूभौतिकी संशोधन संस्था हैदराबादेत, म्हणजे खचदरीच्या दुसऱ्या बाजूला.

अडचण आहे ती निराळीच. खचदरी नीट पाहायची तर रेषा तिला आडवी कापणारी हवी, म्हणजे ती तेलंगणात आसिफाबादच्या बाजूने सुरू होऊन प्राणहिता ओलांडून एटापल्ली-भामरागडकडे जायला हवी आणि तिचे टोक कदाचित छत्तीसगडमध्ये संपेल. तीन राज्यांची वनखाती, तीन राज्यांची पोलीस दले आणि केंद्राची तीन-चार मंत्रालये एका रेषेवर आणावी लागतील. मेडीगड्ड्यानंतर नदीच्या दोन्ही काठांवरील सरकारांत पाण्यावरून जो अविश्वास आहे, तो पाहता यासाठीचे पहिले पत्र मुंबईतून जाईल की हैदराबादेतून, हे सांगणे कठीण आहे. ते पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने दिल्लीहूनच पाठवावे, हे उत्तम.